महूचा पाहुणा

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या अंगणात, तुळशीच्या शेजारी, फौजेतून निवृत्त झालेला एक डिझेल जनरेटर उभा आहे. रंग शेवाळी, छातीवर पितळी पाटी, वजन अर्ध्या टनाच्या आसपास. महूच्या छावणीतलं भंगार लिलावात घेणाऱ्या एकाने तो मला 'एकदम कडक माल' म्हणून विकला. उन्हाळ्यात लाइट जाते, एवढंच माझं निमित्त. मी १५ केव्हीए हा ताकदीचा आकडा ऐकला आणि भुललो.

गाडीच्या बॅटरीने तो उठेना. फौजी यंत्राला २४ व्होल्ट लागतात. शेवटी १२-१२च्या दोन बॅटऱ्या जोडल्या आणि तो असा गरजला की आईच्या हातातली पंचपाळी खाली पडली. पंखे फिरले, मी मिशीवरून हात फिरवला. मिशी नाही, तरी फिरवला.

मग बंद करायची वेळ आली. किल्ली फिरवली. धडधड चालूच. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबली की इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे किल्लीला ते भीक घालत नाही, डिझेल तोडणारा दांडा ओढावा लागतो. हे मला नंतर कळलं. त्या रात्री टाकी रिकामी झाली तेव्हाच तो थांबला.

आणि टाकी रिकामी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी सुरू होईना.

सियागंजातून मिस्त्री आणला. त्याने नळीवर टिचकी मारली. "हवा पकड ली, भिया." मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून त्याने मला हातपंप मारायला बसवलं. आधी नुसतं फुस्स, मग फेस, मग पुन्हा फुस्स. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा तसा मी अर्धा तास त्या धुडाचा ढेकर काढत होतो. बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली तेव्हा स्क्रू आवळला. उरलेली हवा डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नटांतून माझ्या शर्टावर निघाली.

महिन्याभरात नवीनच दुखणं. सायलेन्सरमधून काळं, चिकट तेल ठिबकायला लागलं, तेही नेमकं शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. मिस्त्रीने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, मग घरात डोकावून फ्रिज, टीव्ही आणि चार पंखे मोजले.

"भिया, इसको बीमारी नहीं, बेरोजगारी है."

म्हणजे असं, की एवढ्या इंजिनावर किलोवॉटभरही भार नसला तर ते पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि न जळलेलं सायलेन्सरवाटे पाझरतं. उपाय एकच: निदान चार किलोवॉट तरी काम द्या.

आता लाइट गेली की आमच्याकडे मे महिन्यात गीझर लागतो. बायको मिक्सरमध्ये उगाचच खोबरं फिरवते. काकूंना कुरडयांची भरपाई म्हणून वायर टाकून दिलीय. त्या दोन इस्त्र्या आणि सुनेचा ओव्हन लावतात. डिझेलचा हिशोब मी डायरीत लिहिणं सोडून दिलंय.

परवा दहा मिनिटांतच लाइट आली. मी दांड्याला हात घातला तोच भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "अरे, थांब! माझा केक फुगतोय!"