‘गिफ्ट लिहा, कस्टम्स माफ’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘परदेशातून खेळण्यांचे सुटे भाग मागवणाऱ्यांसाठी खुशखबर’ असं शीर्षक असलेला एक मेसेज सध्या नागपुरातल्या पालकांच्या गटांमध्ये फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. ५,००० रुपयांपर्यंतच्या पार्सलला कस्टम्स माफ आहे. विक्रेत्याला पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला आणि किंमत पाच डॉलर टाकायला सांगा. सुटे भाग म्हणजे खेळणी नव्हेत, म्हणून त्यांना ड्युटी नाही. मोठी ऑर्डर तोडून मागवा. आणि शेवटी, अमेरिकेने लहान पार्सलवर ड्युटी बसवल्यामुळे तिकडचा माल आपल्याला महाग पडणार, तेव्हा घाई करा.

हा मेसेज माझ्या ताईपर्यंत पोचला आणि तिने तो खरा मानला. माझा भाचा तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यासाठी, लेगोच्या ठोकळ्यांचा, मान हलवणारा नंदी तयार करतोय. त्याला हवे ते गियर आणि सांधे ना बर्डीवर मिळाले ना इतवारीत. युरोपातल्या एका विक्रेत्याकडे ते सुटे मिळत होते. ताईने त्याला मेसेजमधली वाक्यं जशीच्या तशी लिहून पाठवली, त्यानेही ऐकलं. आता पार्सल मुंबईत अडकलंय आणि कुरिअरवाल्यांनी खरं बिल मागितलंय. जिने आयुष्यात कधी वीजबिलसुद्धा उशिरा भरलं नाही, ती बाई आता ‘माझ्यावर केस होईल का रे?’ म्हणून मला रात्री फोन करते. म्हणून हे लिहितोय.

‘गिफ्ट’वाल्या दाव्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातात, या चुकीने माणूस अडकतो. परदेश व्यापार महासंचालनालयाची १२ डिसेंबर २०१९ ची ३५ क्रमांकाची अधिसूचना आहे. ज्याला शंका असेल त्याने ती उघडून वाचावी, जेमतेम पानभराची आहे. पोस्टाने किंवा कुरिअरने आलेला माल, ऑनलाइन खरेदी केलेलासुद्धा, ‘गिफ्ट’ म्हणून सोडवून घेण्यावर त्यात बंदी आहे. अपवाद फक्त दोन: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबत आलेली भेटवस्तूही त्या अपवादात बसत नाही, इतकं स्पष्ट लिहिलंय. पूर्वी भेटवस्तूंना सूट होती हे खरं. परदेशी ऑनलाइन दुकानं त्या सुटीच्या आडून सरसकट विकलेला माल भारतात पाठवू लागली, म्हणून ती वाट बंद केली. म्हणजे हा मेसेज लोकांना नेमकं तेच करायला सांगतोय, जे थांबवण्यासाठी नियम बदलला.

त्याच अधिसूचनेत असंही म्हटलंय की लागू असलेली पूर्ण ड्युटी भरून भेटवस्तू आणता येते. मग ‘गिफ्ट’ लिहून वाचलं काय? काहीच नाही. उलट विकत घेतलेल्या वस्तूला भेट म्हणणं आणि किंमत खोटी टाकणं हे चुकीचं घोषणापत्र ठरतं. जाहीर केलेल्या किमतीशी किंवा तपशिलाशी माल जुळला नाही तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ खाली तो जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ खाली दंड बसू शकतो. युरोपात बसलेल्या विक्रेत्याला याची झळ लागत नाही. केवायसीसाठी आधार दिलेलं असतं ते इथल्या माणसाचं. आयातदार म्हणून नाव लागतं ते ताईसारख्या आईचं. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव मात्र कुठे टाकलेलं नाही.

आता ५,००० रुपयांची माफी. ऑनलाइन विकत घेतलेल्या मालाला आपल्याकडे अशी कुठलीही किंमतमर्यादा नाही. यात जे थोडंसं खरं आहे तेही सांगून टाकतो: कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे होणारी ड्युटीच १०० रुपये किंवा त्याहून कमी असेल, तर ती वसूल केली जात नाही. १०० रुपये ड्युटी, मालाची किंमत नव्हे. दुसरी खरी गोष्ट अशी की वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या वस्तूंवरचा मूळ सीमाशुल्काचा दर २०२६ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायची घोषणा झाली. दर निम्मा झाला याचा कुणीतरी ‘माफ’ असा अर्थ काढला असणार. पण १० टक्क्यांनीही १,००० रुपयांच्या मालावर मूळ ड्युटीच १०० रुपये होते. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, आहेच.

हिशेब कसा होतो तेही एकदा नीट पाहा, कारण लहान ऑर्डरला खरा फटका इथे बसतो. ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही, भाडं आणि विमा धरून लागते. समजा भाग ३,००० रुपयांचे आणि विमानाने यायचं भाडं १,५०० रुपये. मूल्यांकनाच्या नियमांत एक दिलासा आहे: विमानाचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे १,५०० नव्हे, ६०० धरायचे. विम्याची रक्कम माहीत नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे सुमारे ३४ रुपये. एकूण ३,६३४. त्याच्या १० टक्के, म्हणजे ३६३ रुपये मूळ शुल्क. मग त्या बेरजेवर आयजीएसटी आणि कुरिअर असेल तर त्यांचा हाताळणी आकार वेगळा. परवडतं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, पण ऑर्डर देण्याआधी ठरवावं.

‘सुटे भाग म्हणजे खेळणी नव्हेत’ हा दावा अर्धा खरा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. सीमाशुल्काच्या यादीत ९५ व्या, म्हणजे खेळण्यांच्या, प्रकरणाची तिसरी टीप सांगते की जे भाग केवळ किंवा मुख्यतः खेळण्यातच वापरता येतात, त्यांचं वर्गीकरण खेळण्यांसोबतच होतं. लेगोचा गियर लेगोतच बसतो, तो खेळण्यातच गेला. इलेक्ट्रिक मोटर किंवा साधा स्क्रू मात्र आपापल्या प्रकरणात जातो. पण वेगळ्या प्रकरणात जाणं म्हणजे ड्युटी नसणं नव्हे. आणि आपण घरच्यासाठी मागवतो तेव्हा माल ९८०४ या वैयक्तिक वापराच्या शीर्षकाखाली एकाच दराने येतो, तिथे या वादाला अर्थच उरत नाही.

हा वाद खरा लागू होतो तो दुकानदारांना. विक्रीसाठी आणलेल्या खेळण्यांवरचं मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि मार्च २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे. कुणी ‘घरच्या वापरासाठी’ म्हणून पन्नास जणांचे भाग एका नावावर मागवून गटात विकत असेल, तर त्याने स्वतःला घरगुती ग्राहक समजू नये.

ऑर्डर तोडून मागवण्याबद्दल फार बोलायला नको. दरवेळी टपालखर्च नव्याने भरावा लागतो, कुरिअर असेल तर हाताळणीही. त्या १०० रुपयांच्या मर्यादेत बसवण्यासाठी जितके तुकडे कराल, तितकं भाडंच जास्त होईल.

राहिली अमेरिका. तिथली ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांच्या मालासाठी बंद झाली हे खरं, पण ती अमेरिकेत जाणाऱ्या पार्सलवर होती. तिकडून नागपुरात येणाऱ्या डब्याशी तिचा संबंध नाही. झळ बसली ती इथून पाठवणाऱ्यांना. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू केलं. न्यू जर्सीतल्या नातवाला लाकडी नंदी पाठवणाऱ्या आजोबांना विचारा, ते सांगतील.

ताईला मी विक्रेत्याकडून खरं बिल मागवून घ्यायला सांगितलंय. ते कुरिअरला द्यायचं, ‘भेट नाही, मुलासाठी विकत घेतलंय, किंमत चुकीची लिहिली गेली’ असं स्वतः लेखी कळवायचं आणि होईल ती ड्युटी, दंड भरायचा. ज्यांचं पार्सल अजून निघालेलं नाही, त्यांनी आजच विक्रेत्याला खरी किंमत लिहायला आणि बिलाची प्रत डब्याच्या बाहेर चिकटवायला सांगावं.