रॅकवर नजर

महाप्याच्या एका डेटा सेंटरात, म्हणजे अनेक कंपन्यांचे सर्व्हर एका छताखाली ठेवणाऱ्या इमारतीत, आमच्या कंपनीचा रॅक आहे. रॅक म्हणजे पत्र्याचं उभं कपाट, 42 यू उंचीचं. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. कपाट भाड्याचं, आतले सर्व्हर आमचे. एकंदरीत चाळीतल्या बिऱ्हाडासारखंच, फक्त इथे शेजाऱ्याचं नाव विचारायची सोय नाही.

एका सकाळी सर्व्हरची निळी केबल कोणीतरी उपटलेली निघाली. छताला पावलोपावली कॅमेरे आहेत, म्हणून फुटेज मागितलं. उत्तर आलं : इतर ग्राहकांच्या गोपनीयतेमुळे पोलीस ठाण्याचं पत्र लागेल. आता केबल निसटल्याची फिर्याद घेऊन ठाण्यात कोण जाणार? साहेब म्हणाले, "आपला कॅमेरा लावा. दोन हजारांत मिळतो."

मिळतो. प्रश्न मिळण्याचा नव्हताच.

अर्जावर पहिला आक्षेप आला तो असा, की हॉलमध्ये चित्रीकरणाला सक्त मनाई आहे. मी कळवलं, चित्रीकरण न करणारा कॅमेरा आणखी स्वस्त पडेल, पण साहेबांना पटणार नाही. मग मीटिंग झाली. कॅमेऱ्यात आमचाच रॅक दिसावा, शेजाऱ्याचा लुकलुकता दिवासुद्धा दिसता कामा नये, असं ठरलं. बाहेर लावला तर शेजारी दिसतो. आत दाराकडे तोंड करून लावला तर दार उघडल्यावर समोरची रांग दिसते. शेवटी आतल्या वरच्या कोपऱ्यात, मान खाली घालून लावायला परवानगी मिळाली.

स्क्रू मारायचा नाही. ड्रिलची धूळ उडाली की हवा ओढून धूर हुंगणारी यंत्रणा जागी होते आणि पत्र्याचा कीस सर्व्हरात गेला तर शॉर्ट. ही हरकत मात्र शंभर टक्के रास्त होती. म्हणून चुंबक. "सर्व्हरजवळ चुंबक?" एक अधिकारी ताठ बसले. हार्डडिस्कच्या आतच चांगला जबर चुंबक असतो, हे त्यांच्या गळी उतरवण्यात ती मीटिंग संपली. वायफाय चालणार नव्हतं, त्यामुळे वीज आणि चित्र दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून. म्हणजे चोराने चुकून तीच उपटली तर कॅमेऱ्यासकट सगळं आंधळं. त्यावर उपाय म्हणून मेमरी कार्ड घातलं, पण वीज गेल्यावर कार्ड तरी काय करणार, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

गेटवर खोका काढून घेतला. हॉलमध्ये पुठ्ठा चालत नाही. गार्डकाकांनी रजिस्टर उघडलं.

"वस्तू?"

"कॅमेरा."

"कशासाठी?"

"बघायला."

"काय बघणार?"

"केबल."

"तिला काय झालंय?"

"निघते, काका."

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि विचारलं, "परत नेणार की कायमचा?"

कायमचा लागला. आणि एका रात्री मोबाईल वाजला. चित्र स्वच्छ होतं : निळ्या चौकडीचा शर्ट, त्यात मावता मावत नसलेलं एक पोट, त्यावर उलटं लोंबणारं ओळखपत्र आणि केबलकडे सरकणारा हात. मान खाली घातलेल्या कॅमेऱ्याला चेहरा कुठून दिसणार?

साहेबांनी तो फोटो मोठा करून छापून घेतला आणि डेटा सेंटरच्या पुढच्या मीटिंगला टेबलाच्या मधोमध ठेवला. कोणी काही बोललं नाही. पण चहा येईपर्यंत एकेकाने आपापली फाइल हळूच उचलून पोटाशी धरली होती, साहेबांनीसुद्धा.