अण्णांचे बारा माग आणि शंभर कोटींची अट

"तू काय बे, कंपन्यांचा माणूस!" परवा सोलापूरच्या पार्क चौकात भेळ खाताना एका मित्रानं चारचौघांत ऐकवलं. सरकारनं बाजारातून हात काढावा असं मी वर्षानुवर्षं लिहितोय, त्यामुळे असली बोलणी खायची सवय आहे. या वेळी मात्र लागलं. त्याच दिवशी सकाळी मी अण्णांच्या शेडवर जाऊन आलो होतो.

अण्णांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत बारा माग आहेत, टॉवेलचे. जीएसटीचं काम माझ्याकडे. आत माग चालू असले की कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, म्हणून आम्ही बाहेर सुताच्या पोत्यांवर बसतो. चहा आला, पण अण्णांचं लक्ष नव्हतं. ज्या बड्या खरेदीदाराला ते माल देतात, तिथून फोन आला होता. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. भानगड अशी की २०२३ साली आयकर कायद्याच्या ४३ बी कलमात एक पोटकलम घातलं गेलं. सूक्ष्म किंवा लघू कारखानदाराचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. हेतू चांगला होता. पण चार-चार महिने उधारी ठेवायची सवय लागलेल्या माणसानं साधा हिशेब केला: ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

"सरकारनं माझ्यासाठी कायदा केला, आणि गिऱ्हाईकच चाललं की वो," अण्णा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, हसतच.

आता हेच सरकार कापड उद्योगाला मदत करायला निघतं तेव्हा काय होतं ते बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये कापडासाठी पीएलआय, म्हणजे वाढीव उत्पादनावर सरकारनं बक्षीस द्यायची योजना मंजूर झाली, १०,६८३ कोटींची. कृत्रिम धाग्याचे कपडे, कापड आणि टेक्निकल टेक्स्टाइल (कारखाने, दवाखाने असल्या ठिकाणी कामाला येणारं खास कापड) यांच्यासाठी. म्हणजे आपला सुती टॉवेल आणि चादर दारातच थांबली. आणि किमान गुंतवणूक? २०२५ पर्यंत एका गटात ३०० कोटी, दुसऱ्यात १०० होती. अण्णांचे माग, शेड, साखर पेठेतलं घर आणि ती जुनी स्प्लेंडर विकली तरी त्या आकड्याच्या वेशीपर्यंत पोचत नाही. पण जीएसटी अण्णाही भरतात. त्यातलाच पैसा त्यांच्याहून हजारपट मोठ्या धंद्याला बक्षीस म्हणून जातो, आणि याला 'उद्योगस्नेही धोरण' म्हणायचं.

मला लिबर्टेरियन म्हणा, खुल्या बाजारवाला म्हणा. आमच्या वडिलांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकल्या होत्या, 'भीक नको, हवे घामाचे दाम' घरात ऐकतच मोठा झालो. कुणी चांगला टॉवेल स्वस्तात विणून मोठा झाला तर माझं पोट दुखत नाही. माझं भांडण मंत्रालयातून मोठं होणाऱ्याशी आहे.

आपल्या जिल्ह्यात याचा नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर पाहिजे. केंद्राच्या नियमात १५ होतं, आपल्या राज्यानं ते वाढवलं. म्हणजे उसाला जास्त भाव द्यायला तयार असलेला नवा माणूस तुमच्या शिवारात कारखाना टाकायला आला तर कायदाच त्याला अडवणार. २०१२ साली साखर धंद्यावर नेमलेल्या रंगराजन समितीनं ही अंतराची अट हळूहळू काढून टाका म्हणून सांगितलं. त्यानंतरही ती राहिली. राहणारच. चेअरमन आणि आमदार यांच्यातलं हवाई अंतर कुणी मोजलंय का?

निवडणूक रोख्यांतून पक्षांना देणग्या देणाऱ्यांची यादी मार्च २०२४ मध्ये बाहेर आली तेव्हा मी ती रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो. (बायको म्हणाली, यात आपलं नाव आहे का?) पहिल्या नंबरावर लॉटरीचा धंदा करणारी कंपनी, १,३६८ कोटी. दुसऱ्यावर रस्ते, बोगदे, पाण्याच्या योजना यांची कंत्राटं घेणारी, ९६६ कोटी. एकीचं पोट परवान्यावर, दुसरीचं टेंडरवर. साबण, बिस्किटं विकणारे नव्हते वर. त्याआधी २०१७ मध्ये, कंपनीनं सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा काढली होती. सुप्रीम कोर्टानं हे सगळं मोडीत काढलं, पण तोवर पैसे पोचले होते.

आणि इथं आमच्या खुल्या बाजारवाल्या लोकांनाही दोन शब्द. रेशनच्या तांदळावर, लाडक्या बहिणीच्या दीड हजारावर आपण पोस्टींवर पोस्टी लिहिल्या. पीएलआयवर किती लिहिल्या? मी स्वतःच्या टाइमलाइनवर शोधलं. एक. तीही दुसऱ्याची शेअर केलेली. कंपन्यांची मर्यादित जबाबदारी ही सवलतसुद्धा कायद्यानंच दिलेली आहे, आपल्याकडे १८५७ पासून. अण्णांचा धंदा बुडाला तर घर जाईल, कंपनी बुडाली तर भागधारकाचे शेअर्स जातील आणि विषय संपेल. ही सवलत करारातूनही मिळाली असती असं आमच्यातले काही म्हणतात. मला तेवढं पटत नाही.

मित्राचा प्रश्न खोटा नव्हता. तो म्हणाला, सरकार हटलं तर हे मोठे आपसात ठरवून लुटणार नाहीत का? २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना स्पर्धा आयोगानं भाव संगनमतानं ठरवले म्हणून ६ हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो दाखला त्यानं बरोबर दिला. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणालो की भाव चढवून बसलेल्या अकरा जणांना नवा बारावा येणं परवडत नाही, आणि त्या बाराव्याला खाणीचा पट्टा, जमीन, परवानगी कुणाच्या टेबलावरून मिळते तेही बघ. तो म्हणाला, टेबलावर चांगला माणूस बसवू. मी भेळेचे पैसे दिले.

अण्णांनी शेवटी काय केलं? काल संध्याकाळी ऑफिसात आले, माझ्यासमोर बसून उद्यम रद्द करायचा अर्ज भरला. ओटीपी त्यांच्या मुलाच्या फोनवर, तो पुण्याला, मीटिंगमध्ये. वीस मिनिटं थांबलो. मग रद्द करण्याचं कारण लिहायची वेळ आली आणि अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "खरं लिहू का वो?"

मी 'इतर' निवडायला सांगितलं.