माणूस आला, कागद कुठे आहेत?

मार्सेलिसची उडी मराठी घरांत बहुतेक प्रत्येकाला ठाऊक असते. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकर समुद्रात उतरले, पोहत किनाऱ्याला लागले, फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केले. शाळेत ऐकलेली गोष्ट इथे थांबते. पुढचा भाग मला वकिलीच्या पहिल्या वर्षांत, भलताच निवाडा शोधत असताना, एका जाडजूड ग्रंथात अवचित सापडला आणि तेव्हापासून दहशतवाद आणि प्रत्यार्पण यांविषयी काहीही वाचले की मला आधी तोच आठवतो.

फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला कोणत्याही न्यायालयापुढे न नेता परस्पर परत देण्याचा अधिकार त्या शिपायाला नव्हता, असा आक्षेप फ्रान्सने घेतला आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. तो बसेपर्यंत मुंबईत जन्मठेपेच्या दोन्ही शिक्षा सुनावूनही झाल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने म्हटले, की हस्तांतरणात अनियमितता झाली हे खरे. तथापि माणूस एकदा ताब्यात गेल्यावर तो परत केलाच पाहिजे, असे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. दोन देशांच्या पोलिसांमध्ये बोटीच्या आगमनाबद्दल आधीच पत्रव्यवहार झालेला होता, याचाही लवादाने विचार केला. म्हणजे सहकार्य होते, तत्परताही होती; नव्हती ती रीतसर प्रक्रिया. ब्रिटिश सरकारच्या लेखी हा माणूस नाशिकच्या खटल्यातला राजद्रोही होता आणि आपल्या लेखी स्वातंत्र्यवीर. या एका प्रकरणात पुढच्या शंभर वर्षांचे दोन्ही पेच आलेले आहेत: दहशतवादी म्हणायचे कोणाला, आणि म्हटल्यावर त्याला एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचे कसे.

१० एप्रिल २०२५ रोजी मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीत आणले, त्या रात्री दूरचित्रवाणीवर विमानाचा मार्ग नकाशावर दाखवत होते. मला दाखवावासा वाटला असता तो न्यायालयीन कागदांचा गठ्ठा. देशोदेशींचे सहकार्य म्हणजे शिखर परिषदेतले हस्तांदोलन अशी आपली समजूत असते. माझे मत असे, की खरे सहकार्य साक्षांकित प्रतींत, प्रमाणित भाषांतरांत, अटींच्या परिच्छेदांत आणि तारखेला हजर झालेल्या साक्षीदारांत असते, आणि आपण भारतीय नेमके तिथेच कंटाळतो. (मी दिवाणी बाजूचा वकील आहे. साध्या पैशाच्या दाव्यात परदेशातल्या प्रतिवादीवर समन्स बजावायला पाठवले, तर भाषांतराखाली शिक्का नाही म्हणून ते आठ महिन्यांनी जसेच्या तसे परत आले होते. तेव्हा हा कंटाळा मला आतून ठाऊक आहे.)

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला घ्या. १६६ माणसे मारली गेली. दहा जणांपैकी एक, कसाब, तुकाराम ओंबळे यांच्या हौतात्म्यामुळे जिवंत हाती लागला. पण त्याच्या कबुलीपलीकडे जाऊन कट सिद्ध करायचा, तर पुरावा मुंबईत मावत नव्हता. हल्लेखोरांना सूचना येत होत्या त्या इंटरनेट फोनवरून. पडद्यावर उमटणारा एक क्रमांक ४३ ने सुरू होणारा, म्हणजे ऑस्ट्रियाचा, प्रत्यक्षात सेवा देणारी कंपनी अमेरिकेत न्यू जर्सीची, आणि त्या सेवेचे पैसे भरलेले इटलीतल्या ब्रेशिया शहरातून. ती रक्कम २२९ डॉलर होती. एवढ्या किरकोळ रकमेच्या पावतीसाठी तीन देशांच्या यंत्रणांना एकमेकींशी बोलावे लागले. एफबीआयचे अधिकारी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात साक्षीला उभे राहिले. हे घडू शकले त्याचे एक कारण म्हणजे मृतांमध्ये सहा अमेरिकी नागरिक होते आणि अमेरिकेला स्वतःच्या कायद्यानेही तपास करायचा होता. दुसऱ्याच्या दुःखासाठी कोणतीही यंत्रणा इतकी धावत नाही, हे कटू असले तरी मान्य करून चालावे लागते.

आता याच खटल्याची सीमेपलीकडची बाजू पाहा. जानेवारी २००९ मध्ये भारताने पाकिस्तानला पुराव्यांची संचिका दिली, आणि फेब्रुवारीत पाकिस्तानने कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे जाहीरपणे मान्य केले. लष्कर-ए-तैयबा या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या लख्वी आणि इतरांवर तिथे खटला उभा राहिला. मार्च २०१२ मध्ये तिथला न्यायिक आयोग मुंबईत आला आणि त्याने कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, मुख्य तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर अशा चौघांचे जबाब घेतले. मात्र आधी ठरलेल्या अटींनुसार त्यांची उलटतपासणी घ्यायची नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. जो साक्षीदार उलटतपासणीला सामोरा गेला नाही त्याचा जबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, असे सांगून तिथल्या न्यायालयाने आयोगाचा सगळा अहवाल बाजूला ठेवला. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये आयोग पुन्हा आला, त्याच चौघांची उलटतपासणी झाली, आणि यात दीड वर्ष गेले. पाकिस्तानची इच्छाशक्ती हा निराळा विषय आहे आणि तिच्याविषयी मला भ्रम नाही. लख्वी एप्रिल २०१५ मध्ये जामिनावर बाहेर आला, यात सगळे आले. परंतु ज्याला पळवाट हवी आहे त्याला ती आपण स्वतः आखून का द्यावी? उलटतपासणीवाचूनचा जबाब टिकत नाही, हे कनिष्ठ न्यायालयातला नवशिका वकीलही सांगेल.

हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीचे प्रकरण याच्या उलट आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेलेला हा माणूस मार्च २०१० मध्ये गुन्हा कबूल करून मोकळा झाला आणि बदल्यात दोन आश्वासने घेऊन बसला: फाशी नाही, आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्याकडे प्रत्यार्पण नाही. आपल्याकडे त्यावर संताप झाला, तो स्वाभाविकच होता. पण त्याच करारात, परदेशी न्यायालयांच्या कामकाजात साक्ष देण्याचे बंधनही त्याच्यावर घातलेले होते. जून २०१० मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेच्या पथकाला त्याची चौकशी करता आली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो माफीचा साक्षीदार म्हणून मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे पडद्यावर बसला. माणूस मिळाला नाही, साक्ष मिळाली. मला विचाराल तर हा सौदा वाईट नव्हता, जरी ताडदेवच्या एसी मार्केटमधल्या ‘इमिग्रेशन’च्या कचेरीआडून शहराची टेहळणी करणारा माणूस पस्तीस वर्षांच्या शिक्षेवर सुटतो हे गिळायला जड जाते.

राणाला शिकागोच्या ज्युरीने २०११ मध्ये मुंबईच्या आरोपातून दोषमुक्त केले होते. डेन्मार्कमधला कट आणि लष्कर-ए-तैयबाला मदत एवढ्याच बाबतीत तो दोषी ठरला. ज्या आरोपातून सुटलो त्यासाठी पुन्हा खटला नको, हा त्याचा बचाव दिसायला भक्कम होता, कारण १९९७ च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात तशी तरतूद आहेच. पाच वर्षे वाद चालला तो करारातल्या ‘गुन्हा’ या एका शब्दावर. कृत्य तेच असले तरी भारतीय कायद्यातील गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत, हे म्हणणे तिथल्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये उचलून धरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. आता इथे आरोप सिद्ध करायचे आहेत, आणि जे आरोप तिथे मांडले त्यांवरच खटला चालवायचा आहे.

घाई केली की काय होते, हे पाहायचे तर बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या झबिउद्दीन अन्सारीकडे, म्हणजे अबू जुंदालकडे, पाहावे. कराचीतल्या नियंत्रण कक्षातून हल्लेखोरांशी बोलणाऱ्यांत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे; टेप केलेल्या संभाषणात ‘प्रशासन’ हा शब्द ऐकला आणि बोलणारा भारतीय असावा असा संशय आला, असे तेव्हा छापून आले होते. हुकूम पुस्तकी हिंदीतला, आणि पत्ता थेट गोदावरीच्या खोऱ्यातला. सौदी अरेबियाशी २०१० मध्ये प्रत्यार्पण करार झालेला असूनही जून २०१२ मध्ये त्याला हद्दपार करून भारतात पाठवले गेले, कारण तो मार्ग जवळचा होता. मग आरोपीने न्यायालयात विचारले, की मला नेमके पकडले कुठे, दिल्ली विमानतळाबाहेर की सौदीत, आणि प्रवासाची कागदपत्रे मागितली. सत्र न्यायालयाने ती द्या म्हटले, यंत्रणा उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०१८ पासून मुंबई हल्ल्याचा त्याच्यावरचा खटला सुमारे सात वर्षे जागच्या जागी उभा राहिला. जवळच्या मार्गाने वाचवलेले महिने असे व्याजासकट फेडावे लागले.

संयुक्त राष्ट्रांबद्दल थोडक्यातच लिहितो. दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या करणारा सर्वंकष करार भारताने १९९६ मध्ये मांडला; मुक्तिलढे आणि सरकारी सैन्ये यांना व्याख्येत घ्यायचे की वगळायचे, यावर तो अजून अडकला आहे. गंमत अशी, की राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये असाच एक करार केला होता. त्याचे निमित्त पुन्हा मार्सेलिसच, तिथे १९३४ मध्ये झालेली युगोस्लाव्हियाच्या राजाची हत्या. तो करार जगातल्या एकाच देशाने अनुसमर्थित केला, आणि तो देश म्हणजे ब्रिटिशांच्या अमलाखालचा हिंदुस्थान. कोणावर डोळा ठेवून, हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणून ‘व्याख्या झाली की प्रश्न सुटेल’ यावर माझा विश्वास नाही. ‘जैश-ए-मोहम्मद’चा प्रमुख मसूद अझहर याचे नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत जायला चीनच्या हरकतींमुळे १ मे २०१९ उजाडला. त्याउलट व्याख्येच्या फंदात फार न पडता बँकांच्या नाड्या आवळणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या, म्हणजे वाढीव देखरेखीच्या, यादीत घातले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो देश यादीतून बाहेर पडेपर्यंत लष्कर-ए-तैयबाच्या हाफिज सईद, लख्वी आणि साजिद मीर या तिघांनाही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल तिथल्याच न्यायालयांनी शिक्षा ठोठावलेल्या होत्या. मुंबईच्या हल्ल्याबद्दल मात्र त्यांपैकी एकालाही नाही.

शेवटी मुंबई बॉम्बस्फोटांतला गुन्हेगार अबू सालेम. १२ मार्च १९९३ च्या त्या स्फोटांत २५७ माणसे गेली. सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये सापडला, तेव्हा पोर्तुगालशी आपला द्विपक्षीय करार नव्हता. डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान अडवाणी यांनी लेखी हमी दिली, की त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक कारावासही नाही. तेव्हा कुठे नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आला. नंतर हमीत न बसणारी जादा कलमे आपण लावली, ती पोर्तुगीज न्यायालयांना खटकली आणि त्यांतली काही मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जन्मठेप असली तरी २५ वर्षे पूर्ण होताच दिलेला शब्द पाळण्यास केंद्र सरकार बांधील आहे.

ही मुदत २०३० मध्ये भरते. त्या वर्षी, ‘बॉम्बस्फोटातला गुन्हेगार सोडता कसा’ म्हणून ओरड होईल, आणि झवेरी बाजारात किंवा शेअर बाजारापाशी ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांनी ती केली तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. बाकीच्यांशी मात्र घालेन. पुढचा माणूस मागायला आपण ज्या न्यायालयाच्या दारात उभे राहू, त्या न्यायाधीशाच्या टेबलावर सालेमची संचिका आधीच पोहोचलेली असेल.