उशिराचं खापर पुरातत्त्ववाल्यांच्या डोक्यावर

जुन्या शहराच्या मध्यवस्तीत एखादी इमारत पाडली, पायासाठी जेसीबी लागला आणि खाली दगडी भिंत उघडी पडली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "झालं! आता पुरातत्त्ववाले येणार आणि काम रखडणार." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. जुन्या शहराच्या पोटात आणखी जुनं शहर असणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आधी नकाशे मंजूर करून घ्यायचे, कर्ज उचलायचं, जागा विकून मोकळं व्हायचं आणि उत्खनन करणाऱ्यांना सगळ्यात शेवटी हाक मारायची. मग उशीर होणार नाही तर काय?

लंडनमधल्या एकाच प्लॉटचं उदाहरण घ्या. १९५४ साली तिथे ऑफिसची इमारत उभी राहणार होती. उत्खननाला दिलेली मुदत संपता संपता मिथ्रस या देवाचं संगमरवरी मस्तक सापडलं आणि रोमन मंदिर बघायला लोकांच्या रांगा लागल्या. मुदत थोडी वाढली, पण इमारत काही थांबली नाही. मंदिराचे दगड उचलून जवळच दुसरीकडे रचले, तेही धड नाही. पुढे तीच इमारत पाडून ब्लूमबर्ग या कंपनीचं युरोपातलं मुख्यालय आलं. या वेळी २०१० ते २०१४ नीट उत्खनन झालं. वॉलब्रूक ओढ्याच्या ओल्या मातीत हवा पोचत नाही, म्हणून लाकूड टिकलं होतं. मेणाचा थर देऊन त्यावर लिहायच्या, अशा चारशेहून जास्त लाकडी पाट्या मिळाल्या. वरचं मेण कधीच गेलेलं, पण टोकदार लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडात उतरले होते. एका पाटीवर चक्क ८ जानेवारी, इसवी सन ५७ अशी तारीख निघते. घेतलेल्या मालाचे १०५ देनारी (रोमन चांदीची नाणी) ग्रेटसला देणं लागतो, असं टिबुलसने लिहून दिलंय. दोघंही गुलामगिरीतून सुटलेले. शहर वसून जेमतेम दहा वर्षं झालेली आणि उधारी सुरू! (माणूस काही बदलत नाही.)

आता मला सांगा, १९५४ च्या घाईत हे हाती लागलं असतं का?

इस्तंबूलला येनीकापी इथे भुयारी रेल्वेच्या स्टेशनसाठी खणताना बायझँटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातलं गाळाने बुजलेलं बंदर लागलं. ३७ जहाजं निघाली. त्याच्याही खाली नवाश्मयुगीन वस्ती, ओल्या चिखलात उमटलेली माणसांची पावलं. रेल्वे उशिरा सुरू झाली हे खरं. पण स्टेशन तिथेच घ्यायचं हे आधी ठरलं होतं, खाली काय आहे ते नंतर कळलं.

वेळ का लागतो, हेही ऐकून घ्या. खणायचं वरून खाली, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे. मध्येच कुणीतरी विहीर खणलेली असते, ती चार थर फोडून खाली गेलेली. तिच्यातलं खापर शेजारच्या थरात मिसळलं की पुढचा सगळा काळनिर्णय बोंबलतो. म्हणून प्रत्येक थराला नंबर, मोजमाप, रेखाटन, मातीचा नमुना. तो थर परत खणता येत नाही.

इंग्लंडने धडा घेतला तो १९८९ मध्ये, लंडनमधल्या शेक्सपिअरकालीन रोझ नाट्यगृहाचे अवशेष ऑफिसच्या बांधकामात निघाले आणि नटमंडळी रस्त्यावर उतरली तेव्हा. पुढच्याच वर्षी सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या: परवानगीच्या आधी चाचणी खड्डे घ्या, आणि खर्च बांधणाऱ्याने सोसावा.

माझं म्हणणं एवढंच, की हे सगळीकडे व्हावं. चाचणी खड्डे नकाशा काढण्याआधी. आणि पैसे फक्त खणण्यापुरते नकोत, नंतरची धुलाई, जतन, वाचन, अहवाल, सगळं करारात धरा. लंडनच्या त्या पाट्यांचं वाचन छापून यायला २०१६ उजाडलं, तोवर खड्डा बुजून वर इमारत चढत होती.