एकाच खोलीतली तीन गावं

परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं. आत्यानं कुणाची तरी लग्नपत्रिका टाकली, पत्त्यात ‘जि. उस्मानाबाद’. पुतण्यानं त्यावर लाल गोल काढला: अजून निजामाची चाकरी? पुण्यातल्या मेहुण्यांनी लगेच लिहिलं, पुढारलेल्या देशांत असले नावं बदलायचे उद्योग कुणी करत नाही. मग दोघांनीही साक्षीला मलाच ओढलं. मी युरोपात राहतो ना!

आता राहतोच आहे, तर सांगतो. मेहुण्यांचं तर साफ चूक आहे.

मी राहतो त्या पोलंडमधल्या ओपोले शहरापासून अर्ध्या तासावर श्चेद्झिक नावाचं खेडं आहे. हा सिलेसियाचा भाग 1945 पर्यंत जर्मनीत होता. आमच्या घरमालकाची आई तिथं राहते. सगळे तिला ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. एका रविवारी कोवोच (इकडचा केक) खायला गेलो होतो, तेव्हा तिनं प्रार्थनेच्या पुस्तकातून घडी घातलेला जन्मदाखला काढून दाखवला. घड्यांवर कागद विरलेला, गरुडाचा शिक्का मात्र ठसठशीत. जन्मगाव: हिटलरझे. म्हणजे हिटलरचं तळं. शेजारी माला पानेफ नदीवर धरण बांधायला घेतलेलं, आणि गावाचं जुनं नाव स्लाव्ह वळणाचं, जर्मन कानांना खुपणारं. नाझींच्या त्या काळात सिलेसियातल्या शेकडो गावांचं असंच बारसं झालं. ओमाचा थोरला भाऊ त्याच घरात, त्याच खोलीत जन्मला, पण त्याच्या कागदावर जुनं जर्मन स्पेलिंग. धाकटी बहीण युद्धानंतरची, तिच्या कागदावर पोलिश. तिघं भावंडं, खोली एक, गावं तीन. 1945 नंतर कचेरीत ओमाचं स्वतःचं नावही पोलिश करून टाकलं. तुला विचारलं होतं का, म्हटलं, तर हसली नुसती.

तेव्हा मेहुणे, इथंही बदलतात. कातोवित्सेसारखं भलंथोरलं शहर 1953 ते 1956 स्तालिनोग्रूद होतं. स्तालिन गेला आणि शहराच्या गळ्यात नाव बांधून गेला.

पण पुतण्या, तू फार खूश होऊ नकोस. इथं पुढं काय केलं ते ऐक. 2005 च्या कायद्यानं ठरलं की ज्या तालुक्यात अल्पसंख्याक वीस टक्के आहेत, तिथं पोलिश नावाखाली त्यांच्या भाषेतलं नावही पाटीवर लावता येतं. तेवढे नसले तर गावकऱ्यांना विचारून. म्हणजे वर पोलिश ख्शोंस्तोवित्से, खाली जर्मन ख्रोन्स्टाऊ. मात्र 1933 ते 1945 मध्ये नाझींनी दिलेलं नाव चालणार नाही. दुसऱ्याचं नाव ठेवायचं आणि जुलमाचं गाळायचं, इतका साधा विवेक. आपल्याकडे एक तरी पाटी अशी दाखव.

हे सगळं लिहून मी पाठवणारच होतो. मग आठवलं, याच जिल्ह्यात त्या दुसऱ्या नावावर रात्रीतून काळा रंग फासलेल्या पाट्या मी स्वतः पाहिल्यात. तेवढं वाक्य मी आधी गाळलं होतं. आता घातलं.

आणि तसं बघितलं तर उस्मानाबाद हे तरी कुठं आमचं? माझ्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत धाराशिवच होतं, सरकारनं 2023 मध्ये शिक्का मारायच्या कितीतरी आधीपासून. तिला कुणाचा सूड घ्यायचा नव्हता, बाजाराला जायचं असायचं. ‘धाराशिवला जाऊन येते’ यात मोर्चा नव्हता. आता तोच शब्द पुतण्या लिहितो तेव्हा मला तो ओळखू येत नाही. शिवाय उस्मानाबादी शेळीचं काय करणार आहेत? ती जगभर त्याच नावानं ओळखली जाते, आणि तिला कुणी विचारलेलं नाही.

माझ्या पासपोर्टवर उस्मानाबाद आहे, इथल्या रहिवासी कार्डावरही तेच. पासपोर्टचं नूतनीकरण आलंय. जन्मगावाच्या रकान्यात मी मुकाट्यानं जुनंच टाकणार, कारण दोन कागदांवर दोन गावं दिसली की कचेरीत किती खेटे घालावे लागतात ते मला माहीत आहे. यात तत्त्व वगैरे काही नाही.

खरं सांगायचं तर दोन्हींपैकी एकही नाव मी वीस वर्षांत तोंडानं फारसं उच्चारलेलं नाही. पुण्यात कॉलेजला असताना ‘सोलापूरकडचा’ म्हणायचो. गावाचं नाव घेतलं की पोरं दुष्काळ आणि टँकरवर घसरायची. इथं आल्यापासून ‘मुंबईजवळचा’. चारशे किलोमीटर म्हणजे जवळच की.

ओमालाही तेच सांगितलं होतं. दाखल्याची घडी परत पुस्तकात ठेवताना तिनं विचारलं, मुंबईजवळ म्हणजे नक्की कुठं, गावाला नाव असेल ना? मी म्हणालो, धाराशिव. तिनं दोनदा म्हणून पाहिलं, ‘ध’ काही जमला नाही. मग कोवोचची ताटली माझ्याकडे सरकवत अगदी सहज म्हणाली, “बरं. आणि त्याआधी?”