आरएसचा आकडा लहान म्हणून भाव मोठा? हे गणित जमत नाही

सध्या जळगाव, धुळे, भुसावळकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस भारतात आधी ५०० आल्या, मग २०० आणि आता फक्त १००. जितका आकडा कमी तितका भाव जास्त. नवी पिढी जास्त ताकदीची, म्हणून चालवायलाही तीच सरस. जुन्या दीडशे-एकशेसाठ हॉर्सपॉवरच्या आरएस नावापुरत्याच. मिळाली तर घ्या, शेडमध्ये झाकून ठेवा, किलोमीटर पडू देऊ नका, दहा वर्षांत दुप्पट.' पुढे पुस्ती जोडलेली: 'रीमॅप केलेली असेल तर अजूनच भारी.' (रीमॅप म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं.)

यातली एकेक गोष्ट तपासून पाहू. पन्नास लाखांचा व्यवहार फॉरवर्ड वाचून करायचा नसतो.

'आकडा कमी म्हणजे भाव जास्त'

आधी खरे आकडे. आरएस म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती; तिच्या नावापुढचा आकडा पीएसचा, आणि पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच. तिसऱ्या पिढीची आरएस २३० २०१७ मध्ये आली. शोरूम किंमत २४.६२ लाख, खेप ५०० गाड्यांची, जुळणी आपल्या शेजारीच औरंगाबादच्या कारखान्यात. २०२० ची आरएस २४५ तयारच आयात झाली, २०० गाड्या, ३५.९९ लाख. ऑक्टोबर २०२५ ची २६५ पीएसची आरएस १०० गाड्या, ४९.९९ लाख. मेसेजमधले आकडे बरोबर आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

याला सगळ्यात सरळ उत्तर फोक्सवॅगन पोलो जीटीआयचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा गाड्या फक्त ९९, म्हणजे या शंभरपेक्षाही एक कमी. किंमत २५.९९ लाख. मेसेजच्या हिशेबाने तिच्यावर उड्या पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी किंमत १९.९९ लाखांवर आणावी लागली. तीन दरवाजांची, पोलोसारखीच दिसणारी गाडी पंचवीस लाखांना घ्यायला पुरेशी माणसं नव्हती. माल कमी असून भागत नाही, त्याच्यामागे लागणारे मालापेक्षा जास्त असावे लागतात.

दुसरं म्हणजे कमी संख्येचा मोबदला कधी कधी कंपनीनेच किमतीत वसूल केलेला असतो. २३० ते २६५ या प्रवासात शोरूम किंमत दुप्पट झाली, आणि त्यात आयात शुल्काचा वाटा मोठा आहे. तो पैसा पुढचा गिऱ्हाईक तुम्हाला परत देईल याची कसलीही हमी नाही. साधा हिशेब करा: पन्नास लाख सात टक्के व्याजाने ठेवले तर दहा वर्षांत अठ्ठ्याण्णव लाखांच्या वर जातात. म्हणजे दुप्पट भाव मिळूनही गाडी मुदत ठेवीच्या जेमतेम बरोबरीला येते, तेही विमा, टायर, बॅटरी आणि रोड टॅक्स न धरता.

तिसरं, 'कंपनी असं परत बनवणार नाही' हे गृहीत धरू नका. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर काढली, ९९१ गाड्या, ५०० पीएस, सहा गिअरचा मॅन्युअल. मूळ किमतीच्या कितीतरी पट मागितले जात होते. २०१७ मध्ये कंपनीने जीटी३ टूरिंग आणली, जवळपास तोच मसाला आणि संख्येचं बंधन नाही. आरचे भाव खाली आले. आपल्याकडेही या १०० आरएसच्या काही महिने आधी गोल्फ जीटीआय आली होती, तेच २६५ पीएस, तोच ३७० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा पीळ), तोच सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ज्याला हे इंजिन हवंय त्याच्यापुढे एकच दुकान नाही.

जळगावच्या सराफ बाजारात तोळा म्हणजे तोळा, तो कुणाच्या तिजोरीत किती वर्षं होता याने भाव बदलत नाही. गाडीचा बदलतो, आणि खूप बदलतो. त्यामुळे दोन्हींना एकच तराजू लावू नका.

'नवी जास्त ताकदीची, म्हणून चालवायला सरस'

शून्य ते शंभरचे कंपनीचे आकडे पाहा. २३० ला ६.८ सेकंद, २४५ ला ६.६, २६५ ला ६.४. पस्तीस पीएस वाढले आणि मिळाले ०.४ सेकंद. कारण या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. पहिल्या दोन गिअरमध्ये २३० चे ३५० न्यूटन मीटरसुद्धा दोन टायरांना जड जातात, त्यावर आणखी ताकद ओतली की बराचसा भाग चाक जागेवर फिरण्यात किंवा इलेक्ट्रॉनिक्सने इंजिन आवरण्यात जातो.

खरा फरक वळणावर पडतो, आणि तो पीएसचा नसून डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचा असतो. चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात किंवा तोरणमाळच्या सात पायरी घाटात चढणीच्या आखूड वळणावर आतल्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते फिरायला लागतं. साध्या व्यवस्थेत गाडी त्या चाकाला ब्रेक लावते. सारखं असं झालं की ब्रेक तापतात आणि वेगही जातो. २४५ मध्ये व्हीएक्यू आहे, म्हणजे क्लचच्या थाळ्यांनी ताकद बाहेरच्या चाकाकडे ढकलणारं डिफरन्शियल. अॅक्सिलरेटर दिला की गाडी वळणाबाहेर न पळता आत खेचली जाते. म्हणून घाटासाठी आमचं मत २४५ ला. पण ते दोनशेच्या आकड्यामुळे नाही, या एका भागामुळे.

आता टायर. २२५/४० म्हणजे टायरची भिंत ९० मिलिमीटर, १८ इंचीवरही आणि नव्या १९ इंचीवरही. साध्या ऑक्टाव्हियाच्या २०५/५५ ची ती ११३ च्या आसपास. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातले आतले रस्ते काळ्या मातीवरचे. पावसाळ्यानंतर ते खचतात आणि डांबराच्या कडा धारदार होतात. तिथे ९० मिलिमीटरच्या भिंतीला फुगा येणं आणि रिम वाकणं नेहमीचं. रोज आतल्या रस्त्याने जायचं असेल तर ही गाडी सुख देणार नाही, पिढी कोणतीही असो.

'जुन्या आरएस नावापुरत्या'

हे वाक्य सगळ्यात अन्यायाचं आहे. पहिल्या पिढीची आरएस आपल्याकडे १.८ टर्बोवर १५० हॉर्सपॉवरची मिळाली, परदेशात तीच १८० ची होती. दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आपल्याकडे लॉरा नावाने विकली गेली; २०११ ची लॉरा आरएस १.८ टीएसआय, १६० पीएस, २५० न्यूटन मीटर. परदेशात दोन लिटर, २०० पीएस. ताकदीत आपल्याला कमी दिलं हे खरंच. पण या दोन्ही मॅन्युअल होत्या, पहिली पाच गिअरची, दुसरी सहा. त्यानंतर भारतात आलेली प्रत्येक आरएस डीएसजी आहे. क्लच दाबून, हाताने गिअर टाकून चालवायची आरएस हवी तर याच दोन पिढ्यांत शोधावी लागते. जगभर संग्रहाच्या गाड्यांत मॅन्युअलला वेगळा मान मिळतो, आणि इथे तो अजून भावात उतरलेला नाही.

मात्र घेताना डोळे उघडे ठेवा. लॉराच्या १.८ टीएसआयमध्ये तीन गोष्टी बघायच्या. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड आली तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर संशयात. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि हेड उतरवावं लागतं. ऑइल पिणं: पिस्टनच्या ऑइल रिंगची बारीक भोकं काजळीने बुजतात, म्हणून दोन टॉप-अपमध्ये किती किलोमीटर चालते ते विचारा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ही कंपनीची कमाल मर्यादा आहे, चांगल्या इंजिनाची सवय नव्हे. तिसरं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यावर कार्बनचे थर बसतात. गाडी थंड असताना अडखळते ती यामुळेही. पहिल्या पिढीत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा.

आणि गाडी मुळात आरएस आहे का हे पाहा. साध्या लॉराला बंपर, सीट आणि बॅज लावून आरएस केलेल्या गाड्या सहज बनतात, कारण इंजिन तेच. बूटमध्ये स्टेपनीच्या खळग्यातला डेटा स्टिकर, सर्व्हिस बुकातला तोच स्टिकर, चॅसिस नंबर आणि आरसी बुक, चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

'झाकून ठेवा, किलोमीटर पडू देऊ नका'

उभी गाडी टिकते हा गैरसमज आहे, खान्देशात तर दुप्पट. पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळी हवेतला ओलावा ओढतं, तो उच्च दाबाच्या पंपापर्यंत जातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रबर, बुश आणि टायर वाळतात. शेतातल्या शेडमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि या गाड्यांची हार्नेस, म्हणजे वायरिंगचा पूर्ण जुडगा, स्वस्त नाही. अधूनमधून पाच मिनिटं चालू करून बंद करणं तर सगळ्यात वाईट, कारण इंजिन तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि कच्चं पेट्रोल उतरतं.

पंधरा दिवसांतून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर फिरवा, ऑइल पूर्ण तापू द्या, ब्रेक नीट वापरा म्हणजे डिस्कवरचा गंज जातो. उभी असताना मेन्टेनन्स चार्जर लावा. टायरचा हवेचा दाब थोडा वाढवून ठेवा. ऑइल वर्षातून एकदा, किलोमीटर झाले नसले तरी. कुलंट कंपनीच्या गुलाबी-जांभळ्या जातीचाच; त्यात पंपावरचं हिरवं पाणी मिसळलं की गाळ होऊन रेडिएटर बसतो, आणि ४५ अंशांत ते लगेच कळतं.

२३० च्या सहा गिअरच्या डीएसजीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. त्यात क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, साठ हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायचा, साधारण साडेपाच लिटर. पातळी इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं ऑइल ३५ ते ४५ अंशांत असताना बघायची, तेही स्कॅनरवर तापमान वाचूनच. जळगावात मेच्या दुपारी गॅरेजचीच हवा ४५ ची असते, ऑइल त्या खाली येतच नाही. गरम ऑइल फुगलेलं असतं, ते जास्त वाहून जातं, आणि गार झाल्यावर गिअरबॉक्समध्ये कमी भरतं. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर सुरू होते आणि मालक क्लच गेला म्हणून लाखाचा खर्च करतो. हे काम उन्हाळ्यात पहाटे, रात्रभर उभ्या गाडीवरच करून घ्या.

'रीमॅप केलेली अजून भारी'

चालवायला मजा येईल, संग्रहाची गाडी म्हणून नाही. अधिकृत वर्कशॉपचा स्कॅनर सॉफ्टवेअर बदललेलं ओळखतो, कंपनीकडे त्या चॅसिसवर टीडी१ ची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद पडते आणि वॉरंटी नाकारली जाते. नंतर मूळ फाइल टाकली तरी ती नोंद पुसली जात नाही. पोलो जीटीआयसारख्या गाडीत धोका वेगळाच. तिच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची कुवत २५० न्यूटन मीटरपर्यंतच, म्हणून कंपनीने टॉर्क तिथे बांधला. परदेशात तेच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ३२० देतं. तो बांध रीमॅपने फोडला तर त्याची किंमत क्लच मोजतो.

विकत घेताना आधी एवढंच विचारा: मूळ चाकं, मूळ एक्झॉस्ट, दोन्ही चाव्या आणि पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं आहेत का. ही चार उत्तरं 'हो' असतील तर पाचशेतली साठ हजार चाललेली २३० घ्या, दोनशेतली फेरफार केलेली २४५ सोडून द्या.